संयुक्त पाहणी

चंद्रमौळी मिलचं धुराडं माझ्या नकाशावर
दोन मिलिमीटरचं वर्तुळ आहे.
बावीस वर्षांत त्याच्याभोवती मी
तीन रंगांच्या रेघा ओढल्या :
दिल्लीची लाल, मुंबईची निळी
आणि आमच्या महापालिकेची हिरवी,
जी झेरॉक्समध्ये उठतच नाही.

जमीन आमची, असं रेल्वे म्हणते.
नव्या स्थानकाला लागून आहे, गाड्या लावायला हवी.
धुराडं वारसा यादीत आहे, असं राज्य म्हणतं;
यादी मागितली की तो मसुदा निघतो.
आम्ही म्हणतो, मिल बंद पडल्यापासूनची पट्टी थकलीय,
आधी ती कुणी भरायची ते सांगा.

पत्रं जातात. मग स्मरणपत्रं.
'सोबत जोडल्याप्रमाणे' असं लिहिलेलं असतं
आणि सोबत काही नसतं.

भोंगा थांबला तेव्हा मी सातवीत होते.
तोवर साखरपेठेत आमच्या घरी घड्याळ नव्हतं.
पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला डबा,
तिसऱ्याला आई विड्यांचं सूप मांडीवर घ्यायची.
नंतर कितीतरी महिने वडील
पहाटे त्याच वेळेला उठून बसायचे
आणि अंधारात पायानं चप्पल चाचपायचे.
हे कुठल्याही नकाशात दाखवता येत नाही.
मी प्रयत्न केला नाही असं नाही.

वॉचमन पोशेट्टी गड्डम. अकरा महिने पगार नाही,
कारण तो नक्की कुणाचा वॉचमन
हा मुद्दा विचाराधीन आहे.
त्याची बाज सावलीमागून फिरते :
सकाळी रेल्वेच्या हद्दीत,
दुपारी जरा वेळ आमच्याकडे,
उतरत्या उन्हात राज्याकडे.
ना हरकत दाखला त्यानं कुणाकडेच मागितलेला नाही.

मग संयुक्त पाहणीचं पत्र आलं.
बारा मे, दुपारी बारा.
साहेब लोक आले वीस मिनिटं उशिरा,
तीन गाड्या, तिन्हींचे एसी चालू ठेवून.
फीत धरली. फितीचं एक टोक लाल रेघेवर,
दुसरं कुठं धरायचं यावरून आवाज चढले.
कुणी १९२७ चा करार म्हणालं, कुणी राजपत्र म्हणालं,
आमच्या उपअभियंत्यानं फक्त घाम पुसला.
'जरा सावलीत बोलू,' रेल्वेचे साहेब म्हणाले
आणि वळले,
आणि सावली नव्हती.

एकशेचाळीस फूट वीट उभी, आणि खाली
ताटाएवढीसुद्धा सावली नाही.
ते धुराड्याला चक्कर मारून आले.
पलीकडेही ऊन.

'नीडा लेदू, सार,' पोशेट्टी म्हणाला.
'आज नसतंय. वर्षातनं दोनच दिवस.
पुढलं जुलै सरताना.'
कुठं गेली, असं राज्याच्या बाईंनी विचारलं,
अगदी चौकशी अधिकाऱ्याच्या सुरात.
'कुठं जातंय? पायाखाली घेऊन उभारलंय.'

वारसा अहवाल तेव्हा पहिल्यांदा उघडला गेला,
डोक्यावर धरायला.
रेल्वेच्या साहेबांनी आराखड्याची टोपी केली.
पोशेट्टीच्या रांजणातून एकाच ग्लासनं
तिन्ही सरकारं पाणी प्याली,
ग्लास उंच धरून, वरून,
आणि चारेक मिनिटं कुणी कुणाची हद्द काढली नाही.

इतिवृत्त मला लिहायचं होतं.
'उन्हाच्या तीव्रतेमुळे पाहणी तहकूब.'
त्याच्यापुढं एक वाक्य लिहिलं होतं,
ते मीच खोडलं.

गाड्या गेल्या. धूळ बसली.
पावणेएकच्या सुमाराला पायथ्याच्या विटांशी
वीतभर काळं उमटलं,
निळ्या रेघेच्या बाजूला.
पोशेट्टीनं बाजेचा एक पाय तिथं नेऊन टेकवला,
बाकीचे तीन उन्हातच,
आणि मला म्हणाला, बस की बाई.
येतंय हळूहळू.